फ्रीज-ड्रायिंग आणि एरोजेल: गुणधर्म सुकवताना नाही, गोठवताना ठरतात

एरोजेल म्हणजे जेलमधला द्रव काढून जाळं तसंच राखलेला, बहुतांश हवाच असलेला हलका घन पदार्थ. त्यावरचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टेम्पो (एक रासायनिक उत्प्रेरक) पद्धतीने ऑक्सिडाइज केलेल्या सेल्युलोज नॅनोफायबरचं, म्हणजे नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचं, १ टक्क्याचं जेल. अर्धे ठोकळे सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने सुकवले, अर्धे पाण्यातूनच उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये गोठवून लायोफिलायझरवर (गोठलेला नमुना निर्वातात सुकवणारं, म्हणजे फ्रीज-ड्रायिंगचं यंत्र) ४८ तास ठेवले. दोन्हींची घनता जवळपास सारखी. पण पहिल्याचं बीईटी पृष्ठफळ (नायट्रोजन वायूच्या अधिशोषणाने मोजलेलं) ३२० चौरस मीटर प्रति ग्रॅम, दुसऱ्याचं जेमतेम २५. उष्णतावाहकताही ०.०२० च्या जागी ०.०३८ वॉट प्रति मीटर-केल्विन. व्हॅक्यूम कमी पडला का, पंप बदलावा का?

पंप बदलू नका. तुमचा लायोफिलायझर निर्दोष आहे. नमुना त्यात जाण्याआधीच, फ्रीजरमध्ये रात्रभर पडून असताना, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. संप्लवनाने (बर्फाची थेट वाफ होण्याने) बर्फ फक्त उचलून नेला आणि बर्फाने आत काय घडवलं होतं ते उघडं केलं.

आधी हे पाहू की फ्रीज-ड्रायिंग करायचं कशासाठी. जेल उघड्यावर सुकवलं तर छिद्रांतल्या द्रवाचा वक्र पृष्ठभाग भिंतींना आत ओढतो. हा केशिका दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले छिद्राची त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण ०.०७३ न्यूटन प्रति मीटर आणि त्रिज्या १० नॅनोमीटर धरली तर दाब येतो साडेचौदा मेगापास्कल, म्हणजे सुमारे १४५ वातावरणं. मऊ जाळं त्याखाली चपटं होतं. यातून निसटायच्या वाटा दोन. एक, द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसून टाकायची, हेच सुपरक्रिटिकल सुकवणं: कार्बन डायऑक्साइडसाठी ३१ अंश आणि ७४ बारच्या पलीकडे. सॅम्युएल किस्टलर यांनी १९३१ मध्ये पहिली एरोजेलं केली ती याच तत्त्वावर. दुसरी वाट म्हणजे त्रिक बिंदूच्या खालून जाणं. पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश आणि ६११ पास्कल. त्याखाली बर्फ थेट वाफ होतो, वक्र द्रवपृष्ठच नाही, म्हणून केशिका दाबही नाही.

कागदावर दोन्ही वाटा सारख्या दिसतात. फरक असा की पहिल्या वाटेवर जाळ्याला धक्का लागत नाही, दुसऱ्या वाटेवर जाळ्यात एक घन पदार्थ वाढतो.

बर्फ जाळ्यात मुरत नाही, जाळं बाजूला सारतो. बर्फाच्या स्फटिकात सेल्युलोजला, ग्राफीन ऑक्साइडला (कार्बनच्या अतिपातळ पत्र्यांना), मिठाला, कशालाच जागा नसते. स्फटिक वाढत जातो तसे तंतू त्याच्या पुढे ढकलले जातात आणि दोन स्फटिकांमधल्या फटीत दाबले जातात. तिथे ते एकमेकांना इतके चिकटतात की हायड्रोजन बंधांनी पातळ पापुद्रे बनतात. बर्फ उडाला की उरतात ते हेच पापुद्रे, आणि छिद्रं म्हणजे स्फटिकांच्या रिकाम्या जागा. सुकलेला ठोकळा बाहेरून साच्याच्या मापाचा असतो, आकसणं ५ ते १० टक्के, म्हणून सगळं नीट झालं असं वाटतं. आत मात्र नॅनोमीटरचं जाळं संपून मायक्रोमीटरचा फोम झालेला असतो.

हे तुमच्याच आकड्यांतून तपासता येतं. दंडगोल तंतूचं पृष्ठफळ प्रति ग्रॅम म्हणजे ४ भागिले घनता गुणिले व्यास. सेल्युलोजची घनता १.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर ४ नॅनोमीटरच्या सुट्या तंतूंचं पृष्ठफळ ६६७ येतं. तुमचे ३२० म्हणजे सुमारे ८ नॅनोमीटर, म्हणजे तंतू काही ठिकाणी दोन-चारच्या जुडीत आले आहेत, बाकी जाळं शाबूत. पापुद्र्यासाठी सूत्र बदलतं: २ भागिले घनता गुणिले जाडी. २५ चौरस मीटर म्हणजे ५३ नॅनोमीटर जाडीच्या भिंती. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पाहा, घडी पडलेल्या कागदासारखे पडदे दिसतील आणि त्यांच्यात पन्नास-शंभर मायक्रोमीटरची भोकं.

इथे एक बारकावा बरेच जण सोडून देतात. जेल चांगलं क्रॉसलिंक केलेलं (रासायनिक बंधांनी आतून जोडलेलं), कडक असेल तर बर्फ छिद्राछिद्रात जागच्या जागी गोठेल अशी अपेक्षा असते. तसं होत नाही, कारण अरुंद छिद्रातल्या पाण्याचा गोठणबिंदू घसरतो. सिलिकासारख्या भिंतींत २० नॅनोमीटर व्यासाच्या छिद्रातला बर्फ उणे ५ अंशांच्या आसपास वितळतो, १० नॅनोमीटरच्या छिद्रातला उणे ११ च्या आसपास, आणि गोठायला त्याहूनही खाली जावं लागतं. म्हणून उणे ५ ते उणे १० च्या पट्ट्यात मोठ्या भोकांत किंवा चिरेत बर्फ आहे आणि लहान छिद्रांत अजून पाणी, अशी अवस्था बराच वेळ टिकते. ते पाणी हळूहळू बर्फाकडे ओढलं जातं आणि बर्फ स्वतःची जागा करत वाढत राहतो. थंड प्रदेशात रस्ते फुगतात तीच ही क्रिया. गोठताना पाणी ९ टक्के प्रसरण पावतं हे नुकसानीचं कारण सगळे सांगतात. ते खरं आहे, पण पाण्याचं हे स्थलांतर त्याहून जास्त घातक. आणि उणे २० चा फ्रीजर नेमका याच पट्ट्यातून सावकाश नेतो.

त्यात घरगुती किंवा फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर असेल तर आणखी एक भर. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो. नमुन्याचं तापमान वर-खाली झालं की लहान स्फटिक विरघळून मोठ्यांवर जमतात. भोकं मोठी करायची असतील तर हेच मुद्दाम करता येतं, उणे १० ला काही तास ठेवून. नको असेल तर असला फ्रीजर वापरू नका.

वेगाने गोठवलं तर स्फटिक लहान राहतात, हे बरोबर आहे. पण द्रव नायट्रोजनमध्ये नमुना बुडवणं म्हणजे वेगाने गोठवणं नव्हे. उणे १९६ अंशांचा नायट्रोजन गरम वस्तूला लागताच उकळतो आणि वाफेचं आवरण तयार होतं. तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसं. त्या आवरणातून उष्णता हळू जाते. आयसोपेंटेन नायट्रोजनने उणे १५० च्या आसपास थंड करून त्यात बुडवलं, किंवा आधी नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर पातळ साचा ठेवला, तर उष्णता कितीतरी जोरात निघते. (आयसोपेंटेन अत्यंत ज्वालाग्राही आहे. फ्यूम हूडमध्येच, आणि प्लॅस्टिकचा डबा वापरू नये.) तरी पाण्याची उष्णता बाहेर यायला वेळ लागतोच. दोन-तीन मिलिमीटर जाडीपर्यंत काही मायक्रोमीटर ते वीसेक मायक्रोमीटर भोकं मिळवता येतात; दोन सेंटिमीटरच्या ठोकळ्याच्या गाभ्यात कोणत्याही उपायाने नाही. शिवाय मोठा ठोकळा नायट्रोजनमध्ये टाकला की बाहेरचं कवच आधी कडक होतं, आतलं पाणी नंतर गोठून फुगतं आणि कवचाला तडा जातो. ठोकळ्याच्या मधून आरपार गेलेली सरळ चीर दिसली तर कारण हे.

आणि नायट्रोजनमध्ये कष्टाने मिळवलेली बारीक रचना नंतर उणे २० वर रात्रभर ठेवून घालवली, हे इतक्या वेळा घडतं की त्याला नियमच म्हणावं. बारीक बर्फ उणे २० ला फार काळ बारीक राहत नाही. गोठवलं की उणे ८० च्या डीप फ्रीजरमध्ये न्या. थेट नायट्रोजनमधून चेंबरमध्ये टाकण्याचा मोहही नको: नमुना कंडेन्सरपेक्षा (वाफ गोठवून पकडणाऱ्या थंड भागापेक्षा) थंड असेल तोवर वाफ कंडेन्सरवर नाही, नमुन्यावरच जमते. उणे ८० ला दोन तास ठेवून मग चढवा.

आता पृष्ठफळ खरोखर वाढवायचं असेल तर काय. पाण्याशीच भांडण असेल तर पाणी बदला. यासाठी सगळ्यात उपयोगी द्रव टर्ट-ब्यूटेनॉल, रोजच्या बोलण्यात टीबीए. तो २५.५ अंशांना गोठतो, म्हणजे फ्रीजरचीही गरज नाही. गोठताना आकारमान जवळजवळ बदलत नाही. वितळण्याच्या तापमानाजवळ त्याचा बाष्पदाब साडेपाच हजार पास्कलच्या आसपास, त्यामुळे संप्लवन झपाट्याने होतं. कुठे थोडा वितळलाच तरी पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, म्हणून नासधूस कमी. त्याचे स्फटिकही तंतूंना तितक्या निर्दयपणे ढकलत नाहीत, आणि हायड्रोजन बंधांनी चिकटवायला मध्ये पाणी नसतं.

पद्धत अशी. १ टक्का नॅनोफायबरचं विखुरण (पाण्यात पसरलेले तंतू) आधी व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढा. हे टाळलं तर पुढे प्रत्येक बुडबुडा भोक म्हणून दिसेल. साच्यात १० मिलिमीटर उंचीपर्यंत भरा, वरून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल हलकेच ओता, रात्रभर ठेवा. कार्बोक्सिलेट गट आम्लरूपात येतात, तंतूंमधलं प्रतिकर्षण जातं आणि जेल बसतं. नंतर ते ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. पाण्याची विद्युतवाहकता १० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली येईतो. मग पाणी-टीबीए मिश्रणात २५, ५०, ७५ टक्के असा एकेक टप्पा, आणि शेवटी शुद्ध टीबीए तीनदा, दर वेळी जेलच्या दहापट आकारमान. एका बदलात जुना द्रव अकरावा हिस्सा उरतो, तीन बदलांत एक हजारांशाहूनही कमी. प्रत्येक टप्प्याला १२ ते २४ तास द्या. ही घाई करायची जागा नाही: १० मिलिमीटर जाडीत दोन्ही बाजूंनी मधोमध पोहोचायला ५ मिलिमीटरचा विसरणाचा प्रवास आहे, आणि वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी केली तर तीन तासांत भागतं, दुप्पट केली तर दोन-दोन दिवस लागतात.

शुद्ध टीबीएचे टप्पे ३० ते ३५ अंशांवर करा, नाहीतर बाटलीतच गोठेल. तो हवेतलं पाणी शोषतो आणि थोड्याशा पाण्यानेही त्याचा गोठणबिंदू बराच खाली येतो. जेल फ्रिजमध्ये ठेवूनही कडेला ओलसर, पारदर्शक राहिलं तर आत पाणी उरलं आहे असं समजा आणि एक टप्पा पुन्हा करा. गोठवायला ५ अंशांचा साधा फ्रिज चालतो, पण थंड ॲल्युमिनियमच्या ताटलीवर ठेवलेलं बरं, कारण हा द्रव गोठणबिंदूखालीही बराच वेळ द्रवच राहतो आणि मग एकदम मोठे सुईसारखे स्फटिक वाढवतो. लायोफिलायझरवर टीबीएचा भार वेगळा असतो: वाफ ज्वालाग्राही, फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) ११ अंशांच्या आसपास, पंपाचा एक्झॉस्ट फ्यूम हूडमध्ये सोडा, तेल दर काही बॅचनंतर बदला. ॲक्रिलिकचं झाकण असेल तर अल्कोहोलच्या वाफेने त्यावर बारीक तडे येऊ शकतात; काचेचा फ्लास्क बरा. चेंबर एकदम पूर्ण निर्वातावर नेऊ नका, इतक्या जोराने वाफ सुटते की हलका ठोकळा उडून झाकणाला चिकटतो.

एवढं करून सेल्युलोज जेलचं पृष्ठफळ १०० ते ३०० पर्यंत नेता येतं. कधी सुपरक्रिटिकलची बरोबरी जवळपास, कधी बरंच कमी.

सॉल्व्हेंट एक्स्चेंजचा, म्हणजे द्रव बदलण्याचा, आठवडा परवडत नसेल तर विखुरणातच २० ते ३० टक्के टीबीए मिसळून ते मिश्रण वेगाने गोठवा. वजनाने २० टक्क्यांच्या आसपास पाणी आणि टीबीए यांचं युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला गोठणारं मिश्रण) आहे. तिथे दोन्हींचे बारीक स्फटिक एकत्र वाढतात आणि एकमेकांना मोठं होऊ देत नाहीत. औषधनिर्मितीत ही युक्ती जुनी. टोकियो विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये एअर फिल्टरसाठी टेम्पो-नॅनोसेल्युलोजवर ती वापरून ३०० चौरस मीटरच्या वरचं पृष्ठफळ दाखवलं. पातळ थराला हा मार्ग उत्तम, जाड ठोकळ्याला मध्यम.

सिलिकाची गोष्ट वेगळी. टीईओएसपासून (टेट्राइथॉक्सीसिलेन, सिलिकाचा कच्चा माल) केलेलं जेल ठिसूळ, छिद्रं ५ ते २० नॅनोमीटर, सिलिकाचे सूक्ष्म मणी एकमेकांना बारीक मानेने जोडलेले. पाण्यातून गोठवलंत तर हाती भुकटी येते. टीबीएतून केलं तर तडकलेले तुकडे. अखंड, पारदर्शक सिलिका एरोजेलसाठी फ्रीज-ड्रायिंगच्या मागे लागू नये असं स्पष्ट मत. सुपरक्रिटिकल नको असेल तर पृष्ठभाग सिलायलेट करून (त्यावर जलविरोधी सिलिकॉन-गट जोडून) हेक्सेनमधून साध्या दाबावर सुकवणं हा त्याहून चांगला रस्ता आहे, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या एअर ग्लास प्रयोगशाळेने जलविरोधी सिलिका एरोजेलांवर भरपूर काम केलेलं आहे. ते आधी वाचावं.

आता सुकवण्याच्या टप्प्याकडे. इथे गुणधर्म घडत नाहीत, पण बिघडू शकतात, आणि बिघडण्याचं मुख्य कारण न धुतलेलं मीठ. शुद्ध बर्फ असेल आणि चेंबरमध्ये २० पास्कल असतील तर बर्फाची सीमा उणे ३५ किंवा थोडी वर घुटमळते, निवांत सुकतो. पण अल्जिनेटचं (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पदार्थाचं) जेल कॅल्शियम क्लोराइडने बसवून नीट धुतलं नसेल तर गणित फिरतं. कॅल्शियम क्लोराइड आणि पाणी यांचं युटेक्टिक उणे ५० च्या आसपास. म्हणजे नमुना उणे ३५ ला बाहेरून दगडासारखा दिसतो, पण भिंतींमध्ये संपृक्त खारं पाणी द्रवच असतं. निर्वातात ते फेसाळतं, केशिका दाब परत येतो, आणि ठोकळा खालून आत बसतो. मिठाचं म्हणजे सोडियम क्लोराइडचं युटेक्टिक उणे २१, ते सांभाळता येतं. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा पदार्थ) ॲसेटिक आम्लात विरघळवलेलं असेल तर उणे २७ ची हद्द पाळा. ठोकळ्याच्या बुडाशी चकचकीत, कातड्यासारखा थर आला असेल तर तो व्हॅक्यूमचा दोष मानण्याआधी धुवणीच्या पाण्याची वाहकता मोजा.

दुसरी चूक वेळेआधी काढण्याची. १० मिलिमीटर जाडीला २४ तास बहुधा पुरतात, ४८ सुरक्षित. खात्री करायची तर कंडेन्सरचा व्हॉल्व्ह एक मिनिट बंद करून चेंबरचा दाब चढतो का ते पाहा. चढत असेल तर बर्फ शिल्लक आहे. गेज पिरानी (वायूच्या उष्णतावहनावरून दाब मोजणारा) असेल तर लक्षात ठेवा की पाण्याच्या वाफेत तो खऱ्या दाबापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त दाखवतो. त्यामुळे बर्फ संपला की वाफ ओसरते आणि वाचन आपोआप खाली येतं. हा उपयोगी इशारा आहे, गेजचा बिघाड नाही. नंतर ३० ते ४० अंशांवर पाच-सहा तास आणखी चालवा, कारण सेल्युलोजला चिकटलेलं पाणी गोठतच नाही, ते बर्फाबरोबर जात नाही. निर्वात मोडताना खोलीतली हवा आत घेऊ नका, कोरडा नायट्रोजन घ्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत उघडा ठेवलेला नमुना पाणी शोषून घेतो आणि सूक्ष्म जाळं नंतर हळूहळू आकसतं. सकाळी मोजलेली घनता आणि संध्याकाळी मोजलेली घनता जुळत नाही ती यामुळे.

गुणधर्मांवर येऊ. उष्णतेचं गणित सगळ्यात स्पष्ट आहे. साध्या दाबावर हवेच्या रेणूचा मुक्त मार्ग सुमारे ७० नॅनोमीटर. छिद्र ५० नॅनोमीटरचं असेल तर रेणू एकमेकांवर आदळण्याआधी भिंतीवर आदळतो आणि वायूतून होणारं वहन साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं. छिद्र १० मायक्रोमीटरचं झालं की ही घट उरते जेमतेम ३ टक्के. म्हणजे तुमच्या फोममध्ये हवा जवळजवळ मोकळी आहे, तिचेच ०.०२५ झाले, वर भिंतींतून वहन आणि इतक्या कमी घनतेला अवरक्त किरणांची गळती. ०.०३५ ते ०.०४० यायलाच हवं, आणि आलं. टोकियोच्याच गटाने २०१४ मध्ये सुपरक्रिटिकलने सुकवलेल्या पारदर्शक नॅनोसेल्युलोज एरोजेलसाठी ०.०१८ दाखवलं, ते शाबूत राहिलेल्या छिद्रांच्या जोरावर. दिशा देऊन गोठवलेल्या सेल्युलोज-ग्राफीन ऑक्साइड फोममध्ये भिंतींच्या आडव्या दिशेने ०.०१५ असाही आकडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. वायुवहनाच्या सरळ हिशोबात तो बसत नाही आणि नॅनोभिंतींच्या सीमांवरचा रोध असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. पण फ्रीजरमध्ये ठेवून केलेल्या साध्या फोममधून ०.०२५ च्या खालचा आकडा आला तर आधी उपकरणाकडे, नमुन्याच्या जाडीकडे आणि सेन्सरच्या संपर्काकडे संशयाने पाहावं.

यांत्रिक बाबतीत मात्र पारडं फिरतं. पापुद्र्यांचा फोम दाबला की भिंती वाकतात, घडी घालतात आणि सोडल्यावर परत येतात. सुपरक्रिटिकलने केलेलं सिलिकाच्या मण्यांचं जाळं अशा दाबाने तुटतं. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाने २०१३ मध्ये ०.१६ मिलिग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनतेचं ग्राफीन-कार्बन नॅनोट्यूब एरोजेल दाखवलं, हवेच्या घनतेच्या सातव्या-आठव्या हिश्श्याचं, आणि ते दाबून पुन्हा उसळी घेतं. तेही फ्रीज-ड्रायिंगनेच. ग्राफीन ऑक्साइडचे पत्रे आधीच सपाट असतात, बर्फ त्यांना भिंती म्हणूनच रचतो. इथे बर्फाची ढकलाढकली नुकसान नाही, तीच रचनेची पद्धत.

ती ताब्यात घ्यायची तर उष्णता एकाच दिशेने काढा. तळाला तांबं, बाजूंना टेफ्लॉनचा जाड साचा, तांब्याला थंड करून बर्फ खालून वर वाढू द्या. बर्फाची आघाडी १० मायक्रोमीटर प्रति सेकंद सरकली तर २० मिलिमीटरला अर्ध्या तासाहून थोडं जास्त लागतं. वेग वाढवला की भिंतींमधलं अंतर घटतं. स्वच्छ साच्यात पाणी उणे १० पर्यंतही गोठल्याशिवाय राहतं आणि मग एका क्षणात वेडंवाकडं गोठतं. म्हणून तळाचे पहिले एक-दोन मिलिमीटर नेहमी अव्यवस्थित, ते कापून टाका. बॅचगणिक निकाल बदलतात तेही बहुतेकदा यामुळेच. तळाशी बर्फाचा कण टाकून सुरुवात केली तर फरक बराच कमी होतो. असा नमुना बर्फाच्या वाढीच्या दिशेने ताठ आणि आडवा दाबला तर स्प्रिंगसारखा. म्हणून ताकदीचा आकडा देताना दिशा लिहिलीच पाहिजे, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

मोजमापात दोन सापळे आहेत. ०.०१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनतेच्या सेल्युलोज फोमचं एकूण छिद्र-आकारमान हिशोबाने ९९ घन सेंटिमीटर प्रति ग्रॅम असतं. नायट्रोजन अधिशोषणाने मात्र जेमतेम काही दशांश मिळतात, कारण मायक्रोमीटरची भोकं त्या पद्धतीला दिसतच नाहीत. त्यामुळे त्या आलेखातून काढलेला 'सरासरी छिद्रव्यास १२ नॅनोमीटर' हा फोमचा नाही, भिंतींतल्या चिरांचा आहे. पारा घुसवून मोजायला गेलात तर नमुना चिरडतो. डीगॅसिंग (मोजण्याआधी गरम करून वायू आणि ओल काढणं) सेल्युलोजसाठी १०५ अंशांच्या वर नेऊ नका, आणि नमुना नळीत कोंबताना दाबला जातोच, ते नोंदवून ठेवा.

तेल शोषण्याच्या बाबतीत हाच ९९ चा आकडा कामाला येतो: ०.९ घनतेचं तेल असेल तर प्रति ग्रॅम ९० ग्रॅमच्या आसपास कमाल. त्याच घनतेच्या नमुन्यावर १५० लिहिलेलं दिसलं तर तेल बाहेरून लोंबत असताना वजन केलेलं असणार. या कामाला मोठी भोकंच हवीत, म्हणून साधं पाण्यातून गोठवणं पुरेसं आहे आणि टीबीएचा खर्च वाया जाईल. फक्त एक करा: गोठवण्याआधी विखुरणात मिथाइलट्रायमेथॉक्सीसिलेन घालून आम्ल करून, पीएच ४ च्या आसपास, ते हायड्रोलाइज होऊ द्या. नाहीतर फोम केवळ हायड्रोजन बंधांवर उभा असतो आणि पाण्यात टाकताच लापशी होतो. पेशी वाढवण्याच्या स्कॅफोल्डलाही (आधाराच्या सांगाड्यालाही) शंभर-दोनशे मायक्रोमीटरची भोकं लागतात. तिथे फ्रॉस्ट-फ्री नसलेला उणे २० चा फ्रीजर हा दोष नसून योग्य उपकरण आहे.

तुमच्या प्रकरणात उद्देश इन्सुलेशन दिसतो. तर उरलेल्या जेलपैकी ५ मिलिमीटर जाडीचे तीन तुकडे टीबीएतून करा आणि तीन तुकडे पाण्यातून, पण आयसोपेंटेनमध्ये गोठवून. सगळ्यांचं बीईटी घ्या, वरच्या सूत्राने भिंतीची जाडी काढा. टीबीएचे तुकडे १५० च्या वर गेले नाहीत तर सॉल्व्हेंट एक्स्चेंज अर्धवट राहिलं असण्याची शक्यता आहे. शेवटच्या बदलाचा द्रव २० अंशांना पूर्ण गोठतो का, एवढं आधी पाहा.